शोधाइतकीच पारख आवश्यक



मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरील संदेशांतून पसरली होती. त्या संशयावरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांची हत्या केली. तेव्हा इंटरनेटवर माहिती शोधावयास शिकविले, एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशाच्या आधारे लिहिला आणि अन्यत्र त्यास स्वतंत्र दुजोरा मिळतो काय, हे चार प्रश्न विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडावेत. शोधात प्रथम दिसणारे उत्तर खरेच असते असे नाही. ती जाहिरातही असू शकते. दर आठवड्यास असा एक संदेश वर्गात तपासून पाहावा. घरी आलेला निरोप पुढे धाडण्यापूर्वी मुलाने वडीलधाऱ्यांस “थांबा” म्हटले, तर आपले शिकविणे सार्थकी लागले.