विद्यालयाची नाट्यशाखा



ज्या बाईंच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना गाणे शिकविले. म्हणूनच आज मी हिराबाई बडोदेकरांविषयी बोलावयाचे ठरविले. गायिका म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी नाटक मंडळी चालविली आणि शिष्य घडविले, याची आठवण मात्र क्वचितच निघते.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील अब्दुल करीम खाँ, किराणा घराण्याचे थोर गायक. आई ताराबाई माने, बडोद्याच्या. पुढे ताराबाई मुलांना घेऊन विभक्त झाल्या. दोन धर्मांच्या सीमेवर जन्मलेली, पित्याच्या छत्रावाचून वाढलेली ही भावंडे. त्या काळी गाणारी स्त्री म्हटले की समाजाचे मत आधीच ठरलेले असे. गाणे ऐकावयास सर्वांना हवे. पण गाणारीला घरी पान वाढावयाचे म्हटले की कपाळाला आठी पडे.

हिराबाईंनी अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम घेतली. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांच्या विलंबित गायकीवर ज्यांचा प्रभाव पडला, तेच हे वहीद खाँ. एकेक स्वर सावकाश उलगडत न्यावयाचा, ही शिस्त हिराबाईंच्या गळ्यात आणि स्वभावातही उतरली. पुण्यात या कुटुंबाने नूतन संगीत विद्यालय चालविले आणि १९२९ साली त्याचीच नाट्यशाखा म्हणून नाटक मंडळी उभी केली. इतर मंडळ्या भांडवलदाराच्या थैलीतून किंवा एखाद्या नटाच्या लोकप्रियतेतून निघत. ही मंडळी एका शाळेतून निघाली.

तो काळ बालगंधर्वांचा होता. स्त्रीभूमिका पुरुषाने करावी, आणि ती बालगंधर्वांसारखी करावी, हाच रंगभूमीचा आदर्श होता. केवळ स्त्रियांच्या मंडळ्याही होत्या, परंतु तेथे पुरुषांची कामे स्त्रियाच करीत. हिराबाईंच्या मंडळीत स्त्रीची भूमिका स्त्रीने आणि पुरुषाची पुरुषाने करावयाची, असे ठरले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ पासून रंगभूमीवर होते. त्यातील सुभद्रा आता एक स्त्री गाऊ लागली, आणि बंधू सुरेशबाबू व धाकट्या भगिनी सरस्वतीबाई याही रंगमंचावर आल्या. आज यात नवल वाटत नाही. त्या वेळी मात्र हे मोठे धाडस होते. ज्या स्त्रीकडे प्रेक्षक आधीच संशयाने पाहत, तिनेच ‘कुलवधू’ म्हणून त्यांच्यापुढे उभे राहावयाचे होते.

नाटक मंडळी म्हणजे फिरते गावच. पडदे, शालू, ऑर्गन, साथीदार, आचारी, रेल्वेची भाडी आणि दुसऱ्या मुक्कामाचे आगाऊ पैसे, सारा भार मालकावर. त्यात १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पुढच्याच वर्षी मराठी बोलपटही आला, आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. चारएक वर्षांत मंडळी बंद पडली. मागे राहिले ते कर्ज. हिराबाईंनी गावोगाव मैफली करून ते फेडले. तिकीट लावून स्त्रीने जाहीर मैफल करावी, ही प्रथा रूढ करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हावभावांचा आश्रय न घेता, पुरुष गवयांप्रमाणे शांतपणे बसून त्या गात. अशा मैफलीला लोक आपल्या लेकीसुनांना घेऊन येऊ लागले.

जमाखर्चाच्या वहीत ही मंडळी बुडीत खात्यातच दिसेल. पण हिशेब तेवढाच मांडावयाचा काय? प्रभा अत्रे या पुण्याच्या शिक्षकी घरातील मुलगी. त्या सुरेशबाबूंकडे आणि पुढे हिराबाईंकडे शिकल्या. पांढरपेशा घराने मुलीला गाण्यासाठी या दारी पाठवावे, हे एका पिढीपूर्वी अशक्यप्राय होते. प्रभाताईंना २०२२ साली पद्मविभूषण मिळाले. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या. हिराबाईंना स्वतःला १९७० साली पद्मभूषण मिळाले होते. १९८९ च्या नोव्हेंबरात त्या निवर्तल्या. पदव्यांपेक्षा मी मोलाचे मानते ते उघडलेले दार.

सातासमुद्रापलीकडेही असेच एक दार उघडले गेले. न्यूयॉर्कच्या रोझेटा लेनॉयर या कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या वाट्याला पुष्कळदा मोलकरणीच्याच भूमिका येत. १९६८ साली तिने ‘एमॅस’ ही नाट्यसंस्था काढली. वर्ण न पाहता भूमिका द्यावयाची, हा तिचा नियम. तिच्या संस्थेतील ‘बबलिंग ब्राऊन शुगर’ हे संगीत नाटक १९७६ साली ब्रॉडवेवर पोहोचले. पण त्याच संस्थेत मुलांना गाणे आणि अभिनय शिकविण्याचे कामही चाले. हिराबाईंची तिला वार्ताही नसावी. तरीही दोघींना एकच गोष्ट उमगली होती. रंगमंचावर कोणी उभे राहावे, हे समाज ठरवीत असतो. तो निर्णय बदलावयाचा तर रंगमंचही आपला हवा आणि शिकवणीही आपली हवी. नुसता रंगमंच असेल तर एखादी व्यक्ती मोठी होते. शिकवणी असेल तर तिच्या मागून दुसरी येते.

शिक्षकमित्रहो, आता थोडे आपल्या घरचे. परीक्षा जवळ आली की अनेक शाळांत पहिला बळी संगीताच्या तासाचा जातो. तो गणिताला देतात. गणिताशी माझे वैर नाही. पण ज्या मुलाचे घर गाण्याची शिकवणी लावू शकत नाही, त्याला तो एकच तास गाण्याचा असतो. स्नेहसंमेलनातही आपण गोड गळ्याच्या चौघांनाच पुढे करतो आणि उरलेल्यांना टाळ्या वाजवावयास बसवितो. ज्याला कोणी बोलावणार नाही, त्याला हाक मारणे हेच शाळेचे काम. गळा नसेल तर त्याच्या हाती टाळ द्या, पडद्याची दोरी द्या. पण त्याला रंगमंचावर घ्या.

‘नाट्यशाखा’ हा शब्द मला फार आवडतो. शाखा फुटावयास आधी मूळ असावे लागते. ते मूळ म्हणजे आपला हा वर्ग आणि त्यातला तो एक तास. तो राखावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.