स्क्रीन काळी पडली, तरी हिशोब आपल्याच हातात

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत लेखापाल ताई आणि ग्रामसंघाच्या पदाधिकाऱ्यांसमोर क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या मांडणीचा हा मजकूर. ज्या तायांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे "लॅपटॉप देखभाल" असं लिहिलंय. गेल्या काही महिन्यांत मी गावोगावी फिरतेय, तेव्हा एकच तक्रार परत परत ऐकतेय. "मॅडम, काम करता करता स्क्रीन काळी पडते. थोड्या वेळानं आपोआप येते. दुकानात नेला की अगदी नीट चालतो." म्हणून आज फक्त यावरच बोलते.

हा विषय मशीनचा वाटतो, पण तेवढाच नाही. एका ग्रामसंघात काय झालं ते सांगते, गावाचं नाव घेत नाही. तिथल्या लेखापाल ताईंचा लॅपटॉप असाच मधूनमधून काळा व्हायचा. घरचे म्हणाले, तुझ्या हातानं बिघडला. ताईंनी भीतीनं तो उघडणंच सोडलं. मग पुतण्या नोंदी करायला लागला. पासवर्डही त्याच्याकडे गेला. पोरगं गुणाचं, काम चोख करायचं. पण बैठकीत एखादीनं विचारलं, "माझं कर्ज किती राहिलं गं?" की ताई त्याला फोन लावायच्या. तो कॉलेजात असला की उत्तर नाही. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपण सगळ्या पाठ म्हणतो, नियमित लेखे. ते लेखे आपल्याला स्वतःला उघडून बघता येत नसतील, तर मग ते आपले राहिले का?

म्हणून स्क्रीन काळी पडली की काय बघायचं, हे आपल्याला यायला हवं. दुरुस्ती नाही, फक्त बघणं. घरात अंधार झाला की आपण काय करतो? आधी शेजारी डोकावतो. त्यांच्याकडे लाइट आहे का? असेल तर बिघाड आपल्या घरात. मग बघतो, एकच बल्ब गेलाय की सगळं घर. लगेच कोणी नवीन मीटर बसवायला निघत नाही. लॅपटॉपचंही तसंच. स्क्रीन म्हणजे बल्ब, तिच्याकडे जाणारी केबल म्हणजे वायर, आणि आतलं मशीन म्हणजे डीपी.

पहिली गोष्ट. स्क्रीन काळी झाली की बटण दाबून धरू नका. पॉवरचं बटण बराच वेळ दाबून धरलं की मशीन तडक बंद होतं आणि सेव्ह न केलेल्या नोंदी जाऊ शकतात. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर त्याचा बारीक दिवा असतो. तो लागतोय-विझतोय म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त दिसत नाही. पंख्याचा आवाज येतोय का तेही ऐका. मशीन जिवंत असेल आणि तुम्ही एक्सेलमध्ये काम करत असाल, तर न बघताच कंट्रोल आणि एस एकत्र दाबा. काम सेव्ह होतं. मात्र त्यासाठी फाईलला आधीच नाव दिलेलं पाहिजे. म्हणून कामाला बसल्या बसल्या पहिलं काम कोणतं? फाईलला नाव देऊन सेव्ह करणं. आणि ऑनलाइन फॉर्म भरत असाल तर कंट्रोल-एस कामाचं नाही, तिथं त्या पानावरचं सेव्हचं बटणच लागतं.

दुसरी गोष्ट, साधी कारणं. ठरावीक वेळ हात लावला नाही की स्क्रीन स्वतःच बंद व्हावी, अशी सोय मशीनमध्येच असते. चार्जर लावलेला असताना वेगळी वेळ, बॅटरीवर वेगळी. आपण पासबुक जुळवत बसतो आणि तेवढ्यात ती जाते. कुठलीही की दाबल्यावर परत येत असेल तर तो बिघाड नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात पॉवर, तिथं वेळ वाढवून घ्या. ब्राइटनेस चुकून एकदम कमी झालाय का तेही बघा. आणि लॅपटॉपजवळ चुंबक नको. झाकण बंद झालंय हे बऱ्याच मशीनना चुंबकावरूनच कळतं. चुंबकाचं बटण असलेलं मोबाइल कव्हर किंवा पर्स कीबोर्डच्या कडेला ठेवली, तर मशीनला वाटतं झाकण लावलं, आणि ते झोपी जातं.

तिसरी गोष्ट, चार बटणांची युक्ती. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी. ही चारही एकत्र दाबली की चित्र दाखवणारा आतला प्रोग्रॅम नव्यानं सुरू होतो. स्क्रीन क्षणभर लुकलुकते, बहुतेक वेळा बारीक आवाज येतो. कामाच्या फाईलला धक्का लागत नाही. यानं दर वेळी चित्र परत येत असेल, तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये आहे. तो अपडेट करून घ्यायचा.

चौथी गोष्ट, मोबाइलचा टॉर्च. स्क्रीन काळी असताना टॉर्च तिरका धरून अगदी जवळून बघा. आत अंधुक अक्षरं दिसली, तर चित्र येतंय पण मागचा उजेड गेलाय. ही खूण दुरुस्तीवाल्याला सांगण्यासारखी आहे.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, टीव्ही. कोणाकडे एचडीएमआय केबलचा टीव्ही असेल तर लॅपटॉप त्याला जोडा. विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा, म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र येईल. आता नेहमीचं काम करत राहा. लॅपटॉप काळा झाला तेव्हा टीव्हीवर चित्र चालूच असेल, तर मशीन ठीक आहे. दोष स्क्रीनमध्ये, तिच्या उजेडात किंवा केबलमध्ये. दोन्ही एकदमच काळे झाले तर दोष आत आहे: ड्रायव्हर, उष्णता, मेमरी किंवा मदरबोर्ड. हेच ते शेजारी डोकावणं.

आता त्या ग्रामसंघाकडे परत येते. आम्ही ताईंना एवढंच सांगितलं की जशी कॅशबुक लिहिता, तशी लॅपटॉपची वही लिहा. पाच रकाने: तारीख-वेळ, चार्जर लावला होता का, कुठे ठेवला होता, झाकण कसं होतं, परत कसा आला. ताईंचा हात लिहिण्यात पक्का. पंधरवड्यातच वही बोलायला लागली. बैठकीत जमिनीवर ठेवला की काळा व्हायचा, घरी टेबलावर नाही. का? आपण सतरंजीवर बसतो, लॅपटॉप समोर जमिनीवर असतो. दिसावं म्हणून झाकण पार मागे रेलवतो. स्क्रीनची केबल बिजागरीतूनच वर जाते, आणि तेवढं मागे गेलं की ती ओढली जायची. झाकण जरा पुढे घेतलं की चित्र परत.

आधी एका दुकानात "पूर्ण स्क्रीन बदलावी लागेल" असं सांगितलं होतं. ताई वही घेऊन दुसरीकडे गेल्या आणि दुकानदारासमोर झाकण पुढेमागे करून दाखवलं. काम केबलवर भागलं. ग्रामसंघाचे पैसे वाचले. पण मला जास्त आनंद कशाचा झाला सांगू? त्या संध्याकाळी ताईंनी पासवर्ड बदलला. पुतण्यालाही सांगितलं, "बाळा, अडलं तर विचारीन, पण टाइप मीच करणार."

वापरताना थोडं सांभाळायचं. लॅपटॉप पाटावर किंवा छोट्या टेबलावर ठेवा. गादी, सतरंजी, मांडीवरचा पदर, यानं खालची हवेची जाळी बंद होते, मशीन तापतं आणि आपोआप बंद पडतं. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, मधोमध धरा. स्क्रीनला धरून लॅपटॉप उचलू नका. काळी पडली म्हणून चापट मारू नका, आणि ओल्या फडक्यानं तर पुसूच नका. आणि एक धोक्याची खूण: खालची बाजू किंवा माउसची पट्टी फुगल्यासारखी दिसली तर ती बॅटरी असू शकते. अशा वेळी चार्जर काढा, वापर थांबवा आणि लगेच दाखवा.

दुकानात जाताना चार गोष्टी. एक, सगळ्या फाईल पेन ड्राइव्हवर घ्या. दोन, वॉरंटी शिल्लक आहे का बघा. असेल तर बाहेर उघडू देऊ नका. तीन, "फॉरमॅट मारावा लागेल" असं कोणी म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, फॉरमॅटनं आतला हिशोब पुसला जाऊ शकतो. लॅपटॉप सुरू करताना, विंडोज येण्याआधी कंपनीचं नाव झळकतं. त्या वेळीही स्क्रीन काळी पडत असेल तर फॉरमॅटनं काही फरक पडायचा नाही, दोष यंत्राच्या भागात आहे. चार, खर्चाचा अंदाज लेखी घ्या, बदललेला जुना भाग परत मागा आणि पावती ग्रामसंघाच्या नावानं घ्या. आपण बँकेत दहा प्रश्न विचारतो, मग इथे का लाजायचं?

शेवटी पदाधिकारी तायांना तीन विनंत्या. आजच ठरावात घ्याव्यात. प्रत्येक लॅपटॉपसोबत वही राहील. बैठक संपल्यावर फाईल पेन ड्राइव्हवर जाईल आणि तो पेन ड्राइव्ह कोषाध्यक्षताईंकडे राहील. आणि लॅपटॉप बिघडला तर लेखापाल ताईला "काय केलंस?" असं कोणी विचारणार नाही, "काय दिसलं?" असं विचारेल. पहिल्या प्रश्नानं बाई गप्प होते, दुसऱ्यानं ती बोलायला लागते, आणि बिघाडही त्यातूनच सापडतो.

चहानंतर मी मागच्या खोलीत टीव्ही आणि केबल घेऊन बसणार आहे. ज्यांनी लॅपटॉप आणलाय त्यांनी या. मी सांगेन, पण बटणं तुम्हीच दाबायची.