घराबाहेर निघून जाणारें मूल



एखादें लहान मूल हांक मारली असतां वळून पाहत नाहीं, नजरेस नजर देत नाहीं, आणि दार उघडें दिसतांच मुकाट्यानें चालूं लागतें. लोक त्यास हट्टी म्हणतात व आईस निष्काळजी ठरवितात. हे दोन्ही आरोप अन्यायाचे आहेत. मुलाच्या ह्या अवस्थेस स्वमग्नता म्हणतात. अमेरिकेंत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अशा मुलांच्या सुमारें निम्म्या पालकांनीं सांगितलें कीं, वयाच्या चौथ्या वर्षानंतर मुलानें एकदां तरी असें निघून जाण्याचा प्रयत्न केला.

हें निघून जाणें पुष्कळदां त्या मुलाचें बोलणेंच असतें. कोणास पाणी ओढून नेतें. कोणी लाउडस्पीकरच्या गोंगाटापासून पळतें. म्हणून मूल केव्हां गेलें, कशाकडे गेलें, कशापासून गेलें, हें प्रत्येक वेळीं टिपून ठेवावें. पाण्याची ओढ असेल तर रोज ठरल्या वेळीं आपल्या देखत पाण्याशीं खेळूं द्यावें. गोंगाट सोसवत नसेल तर शांत कोपरा द्यावा, आणि ‘मला बाहेर न्या’ हें सांगण्यास एक चित्र हातीं द्यावें. मारल्यानें भय वाढतें. कारण मात्र तसेंच राहतें.

तोंवर पहारा हवाच. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत विहिरी आहेत, शेततळीं आहेत. शेततळ्याचें प्लॅस्टिकचें अस्तर इतकें निसरडें कीं मोठ्या माणसासही वर चढणें कठीण. तुळजापुरास नवरात्रांत गर्दी लोटते, तेव्हां हात सुटला कीं मूल दिसेनासें होतें. दाराची कडी उंच बसवावी, विहिरीस कठडा व तळ्यास कुंपण घालावें, सदऱ्याच्या आंतल्या बाजूस फोनचा क्रमांक शिवावा. मूल दिसलें नाहीं तर प्रथम पाण्याकडे धांवावें, व त्याच वेळीं दुसऱ्यानें ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावें.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें स्वमग्नतेस मान्यता दिली आहे. तेव्हां जिल्हा रुग्णालयांत तपासणी व प्रमाणपत्र ह्यांविषयीं विचारण्यास संकोच करूं नये.

शेवटीं शेजाऱ्यांस विनंति. अष्टौप्रहर राखण एकट्या आईच्यानें होणार नाहीं. असें मूल एकटें दिसल्यास ओरडूं नका, पाठीमागें धांवूं नका. वाटेंत पुढें होऊन, हळू बोलून, त्यास घरीं पोंचवा. प्रत्येक आळींतील चार घरांनीं जरी अशा मुलाचें नांव, चेहरा आणि आवडीची वाट ओळखून ठेविली, तरी एका आईस रात्रीं निवांत झोंप लागेल.