आधी तारीख, मग डबा
(लघुरूप रेल्वे-रचनाकारांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदाचा बहुमान दिल्याबद्दल आभार मानण्याचा जो शिरस्ता आहे तो मी मनःपूर्वक पाळतो, आणि या पदाचा पहिला उपयोग एक फिर्याद दाखल करण्यासाठी करतो. फिर्यादी आहे प्रवासी डबा, आणि प्रतिवादी आपण सर्वजण. आपल्या मंडळींमध्ये इंजिनाला जे आदरातिथ्य लाभते त्याचा दशांशही त्याच्यामागून निमूटपणे येणाऱ्या डब्यांच्या वाट्याला येत नाही. ज्या सभासदाने विद्युत इंजिनाच्या माथ्यावरील पेंटोग्राफचा प्रत्येक सांधा छायाचित्राबरहुकूम घडविण्यात आपल्या दृष्टीची आणि गृहस्वास्थ्याचीही पर्वा केली नाही, तोच सभासद त्या इंजिनामागे तीस-चाळीस वर्षांनंतर जन्मास आलेले डबे निःशंक मनाने जोडतो, आणि पाहणाराही, चुकून कोणी रेल्वेचा निवृत्त कर्मचारी असला तर तेवढा वगळून, त्यावर हरकत घेत नाही.

वास्तविक एखाद्या गाडीचा इतिहास जितका डब्यांवर लिहिलेला असतो तितका तो इंजिनावर क्वचितच असतो. इंजिन आपल्या आयुष्यभर तेच काम करते. डब्याचे मात्र वर्ग बदलतात, रंग बदलतात, दिवाबत्तीची तजवीज बदलते, ब्रेक बदलतात, धनी बदलतात. कोणाला आत बसण्याची मुभा होती आणि कोणाला फलाटावरूनच गाडी पाहावी लागत होती, हे डब्याच्या दारावरचा आकडा सांगतो. याचे प्रमाण म्हणून मी आपल्या सर्वांच्या परिचयाची गाडी घेतो, दख्खनची राणी.

ही गाडी १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये सुरू केली. तिचे दोन रेक होते, प्रत्येकी सात डब्यांचे. एकास रुपेरी रंग व त्यावर किरमिजी पट्ट्या, दुसऱ्यास गडद निळा रंग व त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या तळचौकटी इंग्लंडात तयार झाल्या आणि त्यांवरील देह माटुंग्याच्या कारखान्यात चढविला गेला. आरंभी या गाडीत पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ रोजी तिच्यातील पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणण्यात येऊ लागले. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला या गाडीत प्रथम पाऊल ठेवता आले ते जून १९५५ मध्ये, म्हणजे गाडी पंचविशीत पोहोचल्यावर आणि देश स्वतंत्र होऊन आठवे वर्ष सरत आल्यावर. एप्रिल १९७४ पासून हाच तिसरा वर्ग दुसरा म्हणून ओळखला जाऊ लागला. दरम्यान ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जुनी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मध्य रेल्वेत विलीन होऊन डब्यांवरील मालकाचे नाव बदलले होते, आणि १९६६ मध्ये मूळ डबे जाऊन पेरांबूरच्या कारखान्यातील पोलादी, टक्कर झाल्यास एकमेकांत न घुसणारे डबे आले. डब्यांची संख्याही सातावरून बारावर गेली. २०२२ मध्ये आलेले जर्मन पद्धतीचे एलएचबी डबे आपण सर्वांनी पाहिलेच आहेत.

आता विचार करा, ‘मी दख्खनच्या राणीची प्रतिकृती करतो आहे’ या विधानाला काय अर्थ उरतो? कोणती राणी? १९३०च्या रुपेरी रेकमागे तिसऱ्या वर्गाचा एक डबा जोडला, तर रंगकाम कितीही देखणे असो, तो दस्तऐवज खोटा ठरतो. आणि तो सामान्य खोटेपणा नव्हे, कारण पंचवीस वर्षे ज्यांना त्या गाडीत प्रवेश नव्हता त्यांना आपण कागदोपत्री, नव्हे पितळोपत्री, आधीच आत बसवून मोकळे होतो. म्हणून माझा आग्रह असा की, पत्र्याला कात्री लावण्यापूर्वी रचनाकाराने एक तारीख मुक्रर करावी. वर्ष सांगून भागणार नाही; १९५५चा मे चालेल की जुलै, यावर दारावरच्या आकड्याचा निवाडा अवलंबून आहे. तारीख ठरली की अर्ध्या शंका आपोआप निकालात निघतात आणि उरलेल्या अर्ध्या शंकांचे स्वरूप तरी स्पष्ट होते.

पुराव्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण आपली गाडी रुळांवरून घसरते ती बहुधा याच ठिकाणी. इंजिनाच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. राणीला ओढणाऱ्या वर्गातील ४००६ क्रमांकाचे इंजिन, ‘सर रॉजर लमले’, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे, आणि तेथे जाऊन मापांची रुजुवात घेता येते. डब्यांसाठी मात्र मुख्यत्वे कागद आणि छायाचित्रे यांवर विसंबावे लागते, आणि छायाचित्रासारखा गोड बोलून दिशाभूल करणारा साक्षीदार दुसरा नाही. त्या काळी जी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात होती ती लाल रंगास जवळजवळ आंधळी असे. तीवर किरमिजी पट्टी काळीभोर उमटे, आणि निळा रंग मात्र प्रत्यक्षाहून कितीतरी फिका, प्रसंगी राखाडी-पांढरा दिसे. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हेच रंग निराळे दिसत. तेव्हा एखाद्या जुन्या छायाचित्रातील फिकट गाडी पाहून ‘हाच रुपेरी रेक’ असा निर्णय देणाऱ्याने आधी फिल्म कोणती होती याचा विचार करावा. ती रुपेरी नसून दुसरी, निळी बहीणही असू शकते.  जाहिरातीच्या भित्तिपत्रकावर तर रंगासाठी मुळीच भरवसा ठेवू नये. चित्रकाराला वेतन प्रवासी आकर्षित करण्याचे मिळत असे, रंगाची नोंद ठेवण्याचे नव्हे. कारखान्यातील आराखडाही डबा कसा असावा हे सांगतो. तो बाहेर पडताना कसा होता आणि दहा वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर कसा झाला, हे आराखड्याला ठाऊक नसते.

आता मापाच्या मामल्याकडे येतो. आपला रुंद रूळमार्ग १६७६ मिलिमीटरचा. युरोपचा प्रमाण मार्ग १४३५चा. १:८७ या प्रमाणात बाजारात मिळणारे १६.५ मिलिमीटरचे रूळ त्या युरोपीय मार्गाचे आहेत. आपल्या मार्गासाठी तेच अंतर सुमारे १९.३ मिलिमीटर हवे. म्हणजे प्रत्यक्षात सुमारे चोवीस सेंटीमीटर रुंदी आपण गिळून टाकतो. जे सभासद १९.३ मिलिमीटरचे रूळ स्वहस्ते अंथरतात, सांधे स्वतः घडवितात आणि प्रत्येक आसाची लांबी बदलून घेतात, त्यांना माझा दंडवत. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी १६.५ मिलिमीटर खुशाल स्वीकारावे, परंतु ही तडजोड रुळांपाशीच थांबवावी. ती डब्याच्या देहात शिरू देऊ नये.

ती शिरते कशी, ते सांगतो. पेरांबूरचा डबा स्वित्झर्लंडमधील श्लीरेन येथील कारखान्याच्या आराखड्यावरून घडला असल्यामुळे, परदेशी दुकानातून एखादा तयार स्विस डबा मागवावा आणि त्यावर आपला रंग चढवावा, हा मोह अनेकांना होतो. घराणे एक असले तरी अंगलट भिन्न आहे. आपला डबा ३२४५ मिलिमीटर रुंद, युरोपीय डबा साधारणतः २८०० ते २९०० मिलिमीटर. लघुरूपात हा फरक सुमारे चार ते पाच मिलिमीटरांचा होतो, आणि गाडी समोरून येऊ लागली की तो तत्क्षणी जाणवतो. राणी सडपातळ झालेली पाहून आनंद मानणारेही असतील. मी त्यांपैकी नाही. विकत घेण्यासारखी वस्तू म्हणजे चाके. आपले ९१५ मिलिमीटर व्यासाचे चाक लघुरूपात साडेदहा मिलिमीटरांचे होते, आणि बाजारात त्याच्या अगदी जवळपासचे चाक उत्तम दर्जाचे मिळते. बोगीच्या दोन आसांमधील अंतर २८९६ मिलिमीटर, लघुरूपात ३३.३, एवढे जुळणारी बोगी मिळाली तर घ्यावी, अन्यथा बाजूच्या चौकटी स्वतः कापाव्यात, आणि त्या रुळांच्या रुंदीप्रमाणे न बसविता डब्याच्या रुंदीप्रमाणे किंचित बाहेर बसवाव्यात, म्हणजे खालची उणीव वरून फारशी दिसत नाही.

लांबीच्या बाबतीत परदेशी उत्पादकांनीही पुष्कळ सवलत घेतलेली आहे. युरोपातील २६.४ मीटरचा डबा १:८७ मध्ये ३०३ मिलिमीटर व्हावयास हवा. तो अनेक वर्षे २६४ किंवा २८२ मिलिमीटर लांबीचा विकला गेला, कारण ग्राहकाच्या घरातील वळणे तंग होती. आपला पेरांबूरचा डबा २१.३ मीटरचा, म्हणजे २४५ मिलिमीटरचा. तो पूर्ण लांबीचाच करावा. रुंद मार्गावर आपल्याकडे १७५ मीटर त्रिज्येचे वळण म्हणजे तंगपणाची सीमा. लघुरूपात ती दोन मीटर होते. अठरा इंची वळण म्हणजे प्रत्यक्षातील चाळीस मीटर. अशा वळणावर कोणतीही राणी अवघडून चालणारच, आणि त्याचा दोष डब्याच्या लांबीवर टाकणे अन्यायाचे आहे. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी १९३०चा सात डब्यांचा रेक करावा. बारा डब्यांची गाडी नुसती उभी करावयासही तीन मीटरचा फलाट लागतो.

बांधणीविषयी फार बोलत नाही, कारण या सभागृहात माझ्याहून निपुण हात पुष्कळ आहेत. पितळी पत्रा हा अजूनही मला सर्वांत विश्वासू वाटतो. खिडक्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणात कोरून घ्याव्यात, सांध्यांना डाख द्यावा आणि डाखाचा प्रत्येक टिपूस कानशीने उतरवावा. जाड डाखावर चढविलेला रंग सोनेरी रेघेला कधीच सरळ चालू देत नाही. त्रिमितीय मुद्रणाने छप्पर करणाऱ्या तरुण मित्रांना एवढेच सांगतो की, थरांच्या पायऱ्या घासून काढल्याशिवाय छपरावर प्रकाश पाडू नका. आणि डब्याच्या पोटाखाली अवश्य पाहा. ब्रेकची निर्वात नळकांडी, आसावरून पट्ट्याने फिरणारा डायनॅमो, विजेऱ्यांची पेटी हे सारे तारखेबरहुकूम असावे. हवादाबाच्या ब्रेकची सामग्री १९३०च्या डब्याखाली आढळली तर वरचा सारा रुपेरी थाट फुकट गेला.

वजनाचा प्रश्न मात्र आपल्या गाडीसाठी विशेष महत्त्वाचा आहे. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे, आणि तो चढण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे साहाय्यक इंजिने लावतात. ज्याला हा प्रसंग आपल्या मेजावर घडवावयाचा आहे त्याचे डबे ओढले जाणेच नव्हे तर ढकलले जाणेही सोसणारे हवेत. मधला एखादा डबा हलका राहिला की मागच्या रेट्याने तो वळणावर बाजूस उडतो. १:८७ साठी अमेरिकन रचनाकारांचे प्रचलित परिमाण एक औंस अधिक दर इंच लांबीस अर्धा औंस असे आहे. त्यानुसार आपला २४५ मिलिमीटरचा डबा सुमारे १६५ ग्रॅमचा भरावा, आणि ते वजन तळाशी, बोगींच्या माथ्याजवळ ठेवावे.

पुण्यातील जोशी लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून असंख्य मुलांना या विद्येची पहिली गोडी लावीत आले आहे. ती मुले आज तुमच्यात बसली आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या नंतरच्यांसाठी मी दोन सूचना ठरावाच्या रूपाने ठेवतो. पहिली, मंडळाने एक रुजुवात-बाड सुरू करावे, ज्यात प्रत्येक गाडीची तारीखवार फेरिस्त, तिला आधारभूत छायाचित्राची किंवा आराखड्याची नोंद, आणि माटुंगा-परळच्या कारखान्यांत हयात घालविलेल्या निवृत्त कारागिरांच्या जबान्या त्यांच्या संमतीने उतरवून ठेवाव्यात. हे काम तातडीचे आहे, कारण निर्वात ब्रेकच्या डब्यांवर हात चालविलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. दुसरी, पुढील प्रदर्शनापासून प्रत्येक रेकसमोरील पाटीवर गाडीच्या नावाखाली तारीख, आणि तारखेखाली केलेल्या तडजोडींचा तपशील लिहिणे सक्तीचे करावे. रूळ अरुंद असतील तर तसे, वळण तंग असेल तर तसे. दोन्ही ठरावांचे मसुदे कार्यवाहांच्या स्वाधीन केले आहेत. त्यांवर हरकती असल्यास त्या भोजनोत्तर बैठकीपूर्वी लेखी द्याव्यात, आणि त्या बैठकीत बाहेरच्या दालनातील रुपेरी रेकच्या चौथ्या डब्याविषयी मला स्वतःला एक हरकत मांडावयाची असल्यामुळे त्याच्या रचनाकारांनी कृपया उपस्थित राहावे.