टोमॅटोचा सीझन आणि टेलिफोनची तार

आजचा एपिसोड जुन्या लँडलाइन ब्रॉडबँडवर.

आमचं घर नारायणगावपासून बरंच आत, मळ्यात. बारावीनंतर इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि मॉडेमचा दिवा नुसताच लुकलुकतोय. शेवटी पप्पांनी गाडीवर बसवून गावातल्या सायबर कॅफेत नेलं, म्हणून फॉर्म गेला. तेव्हापासून डोक्यात प्रश्न बसला : सिग्नल पोचत नाही, तर पलीकडून जोर का वाढवत नाहीत?

उत्तर बीटेकला मिळालं. फोनवरचं बोलणं ४ किलोहर्ट्झच्या आत बसतं. एडीएसएल त्याच तारेवर १.१ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. त्या पट्ट्याचे अडीचशेच्या आसपास छोटे कप्पे करतात, आणि प्रत्येकात थोडा थोडा डेटा भरतात. हे सगळं एकत्र तारेवर ढकलणारं सर्किट म्हणजे लाइन ड्रायव्हर.

एक्स्चेंजकडून तारेवर जाते साधारण १०० मिलीवॉट पॉवर. १०० ओहमची लाइन धरली तर आरएमएस व्होल्टेज ३.२ येतं. पण कधीतरी बऱ्याच लाटा एकाच क्षणी माथ्यावर येतात, आणि १६-१७ व्होल्ट लागतात. याला पीक म्हणतात, शेतातलं नव्हे! हे पीक छाटलं गेलं, की सगळ्याच कप्प्यांत चुका होतात.

नारायणगावचं टोमॅटो मार्केट आठवा. सीझनला पिकअपच्या रांगा, एरवी आवार मोकळं. पण जागा सीझनच्या हिशोबानेच ठेवावी लागते. साधा ड्रायव्हरही तसाच : कधीतरी येणाऱ्या पीकसाठी कायम जास्त व्होल्टेज धरून बसतो. १०० मिलीवॉट पाठवायला त्याच्या कित्येक पट खातो, उरलेली सगळी उष्णता. एक्स्चेंजच्या एकेका रॅकमध्ये अशा शेकडो लाइन! म्हणून क्लास एच ड्रायव्हर आले. एरवी व्होल्टेज कमी, पीक येताना तेवढ्यापुरतं वाढवायचं. डेटा आधी डिजिटल असतो, त्यामुळे पीक कधी येणार ते अगोदरच कळतं.

मग जोर का नाही वाढवत? कारण त्याच केबलमध्ये शेजाऱ्यांच्याही तारा असतात. माझी तार ओरडली, की त्यांच्या तारेत गोंगाट. म्हणून पॉवरला मर्यादा ठरलेली. आणि तार जितकी लांब, तितक्या वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात. म्हणजे मळ्यातलं घर हरणारच होतं. मॉडेमला उगाच शिव्या घातल्या.

उपाय जवळच होता. आमच्याच तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. त्यांचे सिग्नल तांब्याने नाही, ऑप्टिकल फायबरने येतात.

तांबं गेलं, पण पीकचा प्रश्न तुमच्या खिशात आहे. ४जीचा टॉवर असेच कप्पे करून डेटा पाठवतो. फोनने वर पाठवताना मात्र मुद्दाम कमी पीकची पद्धत वापरलीय, बॅटरी वाचावी म्हणून. पुढच्या वेळी रेंज नसताना फोन तापला, तर आतल्या त्या बिचाऱ्या ॲम्प्लिफायरची आठवण काढा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!