राई आणि दफ्तर



 साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात वाङ्मयाच्या वर्तमान अवस्थेचा परामर्श घ्यावा असा परिपाठ आहे. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणच्या भूमीवर आपण जमलो असताना, तो परिपाठ बाजूस ठेवून, याच भूमीने शतकानुशतके सांभाळलेल्या एका संस्थेविषयी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाविषयी, देवराईविषयी, मी बोलणार आहे. तळकोकणात हिलाच देवरहाटी म्हणतात. मानव आणि निसर्ग यांच्या नात्याविषयी आपण आजवर इतके मोघम बोलत आलो आहोत, की ते नाते कोणत्या गावात, कोणत्या सर्व्हे नंबरात आणि कोणाच्या शिरावर उभे आहे, हे विचारावयाचेच राहून गेले आहे.

आपल्या वाङ्मयात निसर्ग विपुल आहे, पण तो बहुधा देखावा म्हणून आला. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा बारा महिन्यांच्या झाडापाखरांकडे एका विदुषीने किती निकट जाऊन पाहिले आहे हे मराठी वाचकाला उमगले. पुढे व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी रानात राहून रान लिहिले. या तिघांनाही मराठी साहित्य संमेलनाने अध्यक्षपद दिले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु रानातले झाड कोणी राखले, कोणत्या करारावर राखले आणि तो करार कोणी मोडला, ही हकिकत आपण अद्याप नीटशी लिहिलेली नाही.

देवराईत शिरणाऱ्याला प्रथम जाणवतो तो पायाखालचा पाचोळा. बाहेर जांभ्याच्या सड्यावर चैत्रात तळपाय भाजत असतात, आणि राईची हद्द ओलांडताच पाऊल मऊ थरात रुतते. वरची पाने हाताने सारली, तर खाली अर्धी कुजलेली, जाळीदार झालेली पाने, आणि त्यांच्याही खाली बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी विणलेली काळी, ओलसर माती लागते. येथली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलावयाची नाही असा दंडक असल्यामुळे, उन्मळलेले झाड पडल्या जागीच झिजते आणि त्याच्या अंगावर नवी रोपे रुजतात. माथ्यावर बेहडा, सातवीण, जांभूळ, आंबा यांचे छत; त्यांना विळखे घालीत चढलेली गारंबीची वेल, माणसाच्या मांडीएवढ्या जाडीची, आणि तिला लोंबणाऱ्या हातभराहून लांब शेंगा. आषाढात कोसळणारे पाणी प्रथम ते छत झेलते, मग पाचोळा त्याचा वेग मोडतो, माती ते शोषून घेते आणि मुळांच्या वाटेने ते जांभ्याच्या पोटात उतरते. म्हणूनच कित्येक रायांच्या खालच्या अंगाला झरा किंवा बावडी आढळते, आणि आसपासच्या विहिरी तळाला गेल्या तरी तेथे कळशी बुडते. या सगळ्याच्या मध्यभागी काळकाई, वाघजाई, सोमजाई किंवा रवळनाथ अशा एखाद्या दैवताचा, पूर्वी बहुशः उघड्यावरच असणारा पाषाण.

ही केवळ भीतीची व्यवस्था होती, असे मानण्याची शहरी सुशिक्षितांना सवय आहे. मला ते पटत नाही. राईतले लाकूड खरोखरच हवे असले, तर गावकीने जमावे, गुरवाने देवाला कौल लावावा, आणि पाषाणाला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तरच पुढे जावे, अशी रीत होती. या रीतीत श्रद्धा आहेच. पण मागणाऱ्याला आपली गरज चारचौघांत उघड बोलून दाखवावी लागते आणि हातातल्या कुऱ्हाडीला निदान काही दिवस थांबावे लागते, हेही आहे. जो मागत असे त्याला, आणि त्याच्या मुलाबाळांना, त्याच झऱ्याचे पाणी प्यावयाचे होते. हक्क आणि मर्यादा एकाच माणसाच्या हाती होत्या, हे या संस्थेचे मर्म होय. मान कोणाचा पहिला, पालखीला खांदा कोणाचा, आणि हद्दीबाहेर उभे कोणी राहावयाचे, या बाबतींत गावकी न्यायी नव्हती, हे मी विसरत नाही. देवराईचा पुरस्कार करताना त्या विषमतेचा पुरस्कार कोणी करू नये.

या रायांचे शास्त्रीय मोल महाराष्ट्रात प्रथम नेटाने मांडले ते वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या संशोधकांनी, १९७० नंतरच्या दशकात. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी, आपली राई तोडली जाऊ नये म्हणून, त्या सुमारास संशोधकांकडे धाव घेतली होती. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते: आमचा ओढा या राईच्या आश्रयाने वाहतो. ज्यांना आपण निरक्षर म्हणत होतो त्यांना जलशास्त्र ठाऊक होते, आणि ज्या खात्याच्या नावातच वन होते त्याला त्या राईत लाकूड तेवढे दिसत होते.

राज्यकर्त्यांना अशी मर्यादा कळतच नाही, असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे प्रकरण आहे. आरमाराला थोर लाकूड लागणार, हे अमात्य जाणतात. रानातले सागवान हुजुराची परवानगी घेऊन तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करावे. पण रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, कारण ती झाडे तिने पोटच्या मुलांप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असतात. आणि एखादे झाड अगदी जीर्ण झालेच असले, तरी धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, जबरदस्ती करू नये, असा तेथील आशय आहे. राज्याच्या संरक्षणासारखे निकडीचे प्रयोजन समोर असतानाही ज्याच्या दारात झाड उभे आहे त्याची संमती घ्यावी, एवढा विवेक ज्या दफ्तरात होता, ते दफ्तर मराठी होते.

पुढे इंग्रजी अंमलात हा धागा तुटला. १८७८ च्या वन कायद्याने राने राखीव झाली आणि सरपण, चराई, पाला हे रयतेचे परंपरागत हक्क सरकारच्या मर्जीच्या सवलती बनले. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गोरगरिबांच्या गुराढोरांची चराई कशी हिरावून घेतली, हे जळजळीत शब्दांत मांडले आहे. तीच धग १९३० च्या जंगल सत्याग्रहात भडकली. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरला गोळीबार होऊन माणसे मारली गेली. रान हे आपले राहिले नाही असे ज्याला एकदा पटले, त्याच्याकडून ते जपण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? स्वराज्य आल्यावरही कागदोपत्री फारसे पालटले नाही. ज्या देवरहाटीला गाव आपली म्हणत आले, तिच्या सातबाऱ्यावर सरकारचे नाव आढळते, आणि त्या नोंदीवरून उठलेल्या तक्रारी सिंधुदुर्गात अजून शमलेल्या नाहीत.

तथापि सारा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गेल्या दोन पिढ्यांत कित्येक राया गावकऱ्यांनीच संपविल्या, आणि तेही भक्तीच्या नावाने. मुंबईहून पैसा येतो, जीर्णोद्धार समिती स्थापन होते, उघड्यावरच्या देवीवर सिमेंटचा घुमट चढतो, सभामंडपासाठी आणि गाडीरस्त्यासाठी भोवतालची झाडे जातात, फरशी बसते. क्वचित घुमटाचा खर्च भागविण्यासाठी झाडेच विकली जातात. देवी छपराखाली आली आणि तिचे रान गेले! ज्या दैवताने आजवर छप्पर मागितले नव्हते त्याच्यावर हा उपकार करताना कौल कोणी लावला होता, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारावे.

मग वाट कोठे आहे? मला ती गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंडांच्या छोट्या गावाने दाखविली. तेथील ग्रामसभा बहुमतावर विसंबत नाही, सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहते. गावाचा अभ्यासगट कायदे वाचतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळविला, आणि आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार २०११ च्या एप्रिलमध्ये प्रत्यक्षात आणला. हक्क हाती आल्यावर तोडीचे नियमही गावानेच स्वतःवर घालून घेतले. त्याच वर्षी माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल सादर केला आणि घाटाच्या भवितव्याचा विचार ग्रामसभांना सोबत घेऊन व्हावा, असा आग्रह धरला. तो अहवाल महिनोन्‌महिने दडपून ठेवला गेला आणि माहितीच्या अधिकाराखाली झगडल्यावर २०१२ मध्ये बाहेर आला. लोकांनी ठरवावे असे सांगणारा मजकूर लोकांपासूनच लपविला जावा, याचे मला आजही अतीव दुःख होते.

येथे लेखकाचे काम सुरू होते, असे मी मानतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील नियमांत लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद आहे. ही नोंदवही कारकुनी तक्ता होऊन चालणार नाही. राईची चतुःसीमा कोणती, झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, गारंबीची बी कोणत्या दुखण्यावर उगाळतात, धनेशाची ढोली कोणत्या बेहड्यात आहे, कौल शेवटचा कधी लागला आणि काय मिळाला, हे ज्या म्हाताऱ्या गुरवाला, ज्या कातकरी बाईला ठाऊक आहे, त्यांच्या तोंडून, त्यांच्याच शब्दांत उतरवून घेणे हे वाङ्मयीन कर्तव्य आहे, आणि ते आपल्याइतके नीट दुसरे कोणी करू शकणार नाही.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. संमेलनाशी संलग्न असलेल्या प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील एक राई निवडावी, वर्षभर तिच्याकडे जाऊन तिची साद्यंत नोंद सिद्ध करावी, तीत सातबाऱ्याचा उतारा जोडावा, आणि गावकीने एके काळी ज्यांना हद्दीबाहेर ठेवले त्यांची साक्ष तीत आवर्जून घ्यावी. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत, दुसरी तहसील कचेरीत आणि तिसरी शाखेच्या ग्रंथालयात राहावी. आणि दरवर्षी पावसाळा सरल्यावर ती भर ग्रामसभेत मोठ्याने वाचून, वर्षभरात जे झाड गेले ते कोणाच्या संमतीने गेले, हे तेथल्या तेथे तीत लिहिले जावे.