गाडी जुनी केव्हा होते?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेल्यावर आम्ही मोटारगाडीचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जबलपुरात या विषयाचे कोणाला वावडे असण्याचे कारण नाही. १९०४ साली स्थापन झालेला गन कॅरेज कारखाना आणि १९६९ साली सुरू झालेला वाहन कारखाना यांच्या आधारावर या शहरातील कितीतरी संसार उभे राहिले, आणि त्यांत मराठी संसारही थोडे नव्हते. आमचा प्रश्न साधा आहे. रोजच्या वापरातील गाडी जुनी केव्हा म्हणावी, आणि तसे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

आमची हयात केंद्र सरकारच्या चाकरीत गेली; तेव्हा प्रथम दप्तराचे उत्तर सांगतो. १९७८ च्या वित्तीय अधिकारविषयक नियमांनी कचेरीच्या लहान मोटारीचे आयुष्य दीड लाख किलोमीटर आणि साडेसहा वर्षे असे बांधून दिले होते. यांपैकी जे नंतर पुरे होईल ते धरावयाचे. एवढ्यानेही गाडी बाद होत नसे. ती यापुढे किफायतशीरपणे चालणार नाही, असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागे. म्हणजे मीटरचा काटा आणि दिनदर्शिका या दोघांची साक्ष झाल्यावरही निवाडा माणसानेच द्यावयाचा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांपुरता तोही प्रश्न उरला नाही. पंधरा वर्षे भरली की नोंदणीचे नूतनीकरण बंद. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांच्या खास कामावरील वाहने तेवढी वगळली आहेत.

आपणा गृहस्थांच्या गाडीला १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. नोंदणी पंधरा वर्षांची; पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ. यामागील हेतू रास्त आहे. ब्रेक न लागणारी आणि धूर ओकणारी गाडी केवळ मालकाच्या जिव्हाळ्यापोटी रस्त्यावर राहावी, असे कोणीही म्हणणार नाही.

आता दुसरे टोक पाहा. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ रूपात जतन केलेली दुचाकी वा चारचाकी या मानास पात्र ठरते. वीस हजार रुपये शुल्क भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि निराळ्या मालिकेतील क्रमांक मिळतो. मात्र एक अट आहे. अशी गाडी नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, मोटारींची फेरी, तिच्या इंधनाची वा दुरुस्तीची निकड, एवढ्यापुरतेच तिने बाहेर पडावयाचे. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने वयाची मर्यादा तीस वर्षे ठेवली आहे; पण ती गाडी दैनंदिन वाहतुकीची नसावी, ही अट त्यांच्याही व्याख्येत आहे.

तात्पर्य, पंधराव्या वर्षी गाडी संशयित ठरते आणि पन्नास उलटल्यावर सन्माननीय होते. मधल्या पस्तीस वर्षांत तिचा वाली कोण? संस्थानिकांच्या मोटारींना गॅरेज होते, पदरी माणसे होती. त्या तरल्या. सामान्य गृहस्थाची गाडी मात्र नेमकी याच दरीत नाहीशी होते.

पद्मिनीचेच उदाहरण घ्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला १९७४ साली 'पद्मिनी' हे नाव मिळाले. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, तेव्हा ती दारी येई. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून उठली. एका काळी जी मोटार मुंबईत कोपऱ्याकोपऱ्यावर उभी दिसे, ती पाहावयास पुढील पिढीला हौशी संग्राहकाकडे जावे लागेल. १९७४ मध्ये नोंदलेली पद्मिनी २०२४ साली पन्नाशीला पोचली. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून निघालेली पहिली मारुती ८०० डिसेंबर २०३३ मध्ये पोचेल. पोचतील त्या किती, हा प्रश्न निराळा.

आपल्या गावची 'जोंगा' तर नावासकट जबलपूरची आहे. जबलपूर, ऑर्डनन्स, गन कॅरेज या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून ते नाव घडले. निस्सान कंपनीच्या आराखड्यावर बांधलेली ही गाडी येथे १९९९ पर्यंत तयार होत होती. लष्कराने त्या लिलावात काढल्या तेव्हा हौशी नागरिकांनी घेतल्या. महेंद्रसिंग धोनी यांनी २०१९ साली जोंगा घेतली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. येथे ती इतकी नित्याची होती, की तिच्याकडे वळून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते.

मग गाडी खरोखर जुनी होते केव्हा? आमच्या घरची पद्मिनी १९८५ सालची. शिवनीवरून नागपूरची वाट तिच्या चाकांना पाठ होती. २००० साली पंधरा वर्षे भरली, तपासणी झाली, मुदत वाढली. त्या दिवशी ती काही जुनी झाली नाही. काही वर्षांनी दिवाळीसाठी नागपूरला निघण्याच्या आदल्या रात्री आईने वडिलांना विचारले, "अहो, यंदा बसनेच जाऊ या का?" गाडीत तेव्हा कसलाही बिघाड नव्हता. पण घरातील माणसे दुसरी सोय पाहू लागली होती. आमच्या मते ती गाडी त्या रात्री जुनी झाली. पुढचे सारे ओघाने आले. ती थोडी निघाली, म्हणून थोडी दुरुस्त झाली. थोडी दुरुस्त झाली, म्हणून सुटे भाग मिळेनासे झाले. आमचे मिस्त्री बोनेटला कान लावून दोष सांगत. त्यांचे चिरंजीव त्याच धंद्यात आहेत आणि निष्णात आहेत, पण ते गाडीला यंत्र जोडून दोष वाचतात. कार्ब्युरेटर उघडणारा हात त्या घरात वडिलांचाच शेवटचा.

गाडीचे आयुष्य केवळ लोखंडात नसते. चालवणारा, दुरुस्त करणारा आणि तिच्यावर विसंबून घराबाहेर पडणारा, अशा तिघांच्या साखळीत ते असते. कडी तुटली की नवी कोरी गाडीही जुनी. कडी टिकली तर दप्तराने बाद केलेलीही धावते.

आपले मंडळ आज पन्नास वर्षांचे झाले. नियमाच्या भाषेत ते व्हिंटेजच्या उंबरठ्यावर उभे आहे, आणि म्हणूनच आम्हाला थोडी धास्ती वाटते. त्या मानाबरोबर ती अटही येते: रोज बाहेर काढावयाचे नाही, गणेशोत्सवात आणि महाराष्ट्रदिनी मिरवावयाचे, मग झाकून ठेवावयाचे. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या आपल्या घरांत मराठीचेही असेच होऊ शकते. मुलांशी बोलताना आपणच आधी दुसरी सोय पाहू लागलो, तर भाषेत काही बिघाड नसतानाही ती आपल्या घरापुरती जुनी होईल.

गाडी किती चालली हे कचेरीत लॉगबुकावरून कळते. मंडळाचे लॉगबुक म्हणजे ग्रंथालयाची देवघेवीची वही आणि बालवर्गाचा हजेरीपट. सत्कार, हारतुरे अवश्य व्हावेत. परंतु या दोन वह्यांत दर आठवड्याला नव्या नोंदी पडतील एवढे कार्यकारिणीने आणि आपण सर्वांनी पाहावे, ही विनंती.